राजवाडा ते पोवई नाका : एका चवफेरीचं प्रकरण

सप्टेंबरात पुण्याहून एक फोन आला. कॉलेजात एकत्र शिकलेला मित्रमैत्रिणींचा गट, पदवीला पंचवीस वर्षं झाली म्हणून साताऱ्यात जमणार होता. चौदा जण. मी साताऱ्याच्या जुन्या पेठांमधून हेरिटेज वॉक घेते हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. पण नुसती फेरी त्यांना नको होती. त्यांच्यातल्या दोघांनी परदेशात एका जुन्या शहरात संध्याकाळची कॉकटेल फेरी केली होती. वाटाड्या पुढं, गट मागं, दोन-तीन गल्ल्या चालल्या की एक बार, प्रत्येक बारमध्ये एक छोटा पेला आणि त्या जागेची गोष्ट. तसं साताऱ्यात करा, असं त्यांचं म्हणणं. तारीखही ठरली होती. २ ऑक्टोबर, कारण सुट्टी.

२ ऑक्टोबरला महाराष्ट्रात ड्राय डे असतो. फोनवर मी एवढंच सांगितलं आणि विषय तिथंच संपेल असं मला वाटलं. तो संपला नाही. पुढच्या वर्षी ती फेरी तीनदा झाली. पहिल्या वेळी माझ्या हातून एक चूक घडली आणि एका घराचं दार मला काही महिने बंद झालं. असं काही आपल्या गावात करावं असं वाटणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते.

आधी नाही का म्हटलं

परदेशातली ती फेरी एका गोष्टीवर उभी असते: जुन्या शहरातच, चालण्याच्या अंतरावर बार असतात. साताऱ्याची जुनी वस्ती तशी नाही. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राजधानीचं गाव वाढत गेलं. शनिवार, मंगळवार, गुरुवार, यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा अशा पेठा पडल्या. त्या पेठांत आजही माणसं राहतात. ओट्यावर निवडलेली भाजी असते, बोळात सायकली असतात, पंधरा-वीस पावलांवर एखादं देऊळ असतं. परमिट रूम बहुतेक पोवई नाक्याच्या पलीकडं, हायवेच्या बाजूला.

कायद्याचाही प्रश्न होता. आपल्याकडचा दारूबंदी कायदा १९४९ चा. रोजच्या वापरात त्याचं भान राहत नाही, पण कायद्याने दारू पिणाऱ्याकडं परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, कायमचाही मिळतो. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं, बिअरसाठी २१. रस्त्यावर, बागेत पिणं हा गुन्हाच. खाजगी जागेत समारंभासाठी एका दिवसाचा तात्पुरता परवाना काढता येतो आणि एखाद्या वाड्याच्या चौकासाठी तो काढावा असं गटातल्या एकानं सुचवलंही. मी तयार झाले नाही. कागद मिळाला तरी शेजार मिळत नाही.

आणि एक जागा माझ्या मनात होती. राजवाड्याकडं आलं की जुन्या राजवाड्याच्या इमारतीत प्रतापसिंह हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव या शाळेत दाखल झालं. महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. माझी प्रत्येक फेरी या इमारतीसमोर थांबते. तिथं हातात दारूचा पेला घेतलेल्या माणसांसमोर उभं राहून मी ही गोष्ट सांगू शकले नसते.

आतेभावाचं म्हणणं

माझा आतेभाऊ काही वर्षं गोव्यात हॉटेलच्या बारमागं होता, नंतर जहाजावर. आता तो घरी, साताऱ्यातच आहे. जेवताना मी त्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, “ताई, तू दारूला नाही म्हणतीयेस. कॉकटेलला कशाला नाही म्हणतेस?”

मग त्यानं जे समजावलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. कॉकटेल या शब्दाची छापलेली व्याख्या १८०६ सालची सापडते. तिच्यात चार गोष्टी आहेत: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. त्याहून जुना प्रकार म्हणजे पंच. हा शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला असं मानलं जातं. मद्य, गोड, आंबट, पाणी आणि मसाला हे ते पाच. इंग्रजीत त्याची नोंद १६३२ पासून मिळते, आणि ती इथं आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या पत्रातली आहे. “पाचातलं एक काढ,” तो म्हणाला, “उरलेली चार तुझ्या पेठांतच आहेत. ती चालताना चाखव. पाचवं शेवटी, परवाना असलेल्या छपराखाली बसून घाल. तेव्हा लोकांना कळेल की मघाशी जे प्यायलो त्यात काय बदललं.”

हे मला पटलं. नुसतं पटलं नाही, मला ते परदेशातल्या त्या फेरीपेक्षा चांगलं वाटलं. तिथं प्रत्येक बारमध्ये नवा पेला येतो आणि तिसऱ्या बारनंतर जिभेला काही उरत नाही. आमच्याकडं दीड तास जीभ शुद्ध राहणार होती.

तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारवर नेली. गुऱ्हाळं चालू असतात, हवा कोरडी आणि गार असते. शिवजयंती १९ ला आणि महाशिवरात्रही त्याच सुमाराला येते. त्या दोन्हींपासून लांब राहायचं होतं.

चार चवी

या भागात थोडं रेंगाळणार आहे, कारण आमचा खरा अभ्यास इथं झाला.

पहिली चव उसाच्या रसाची. राजवाड्यासमोर गोल बाग, जवळच गांधी मैदानावरची चौपाटी. रसात आलं आणि लिंबू घालून तिथंच चाखवायचं ठरलं. पण शेवटच्या टप्प्यात हाच रस रमबरोबर हवा होता आणि तो तिथवर नेता येईना. चरकातून निघाला की दहा-पंधरा मिनिटांत रस काळपटतो, लिंबानं थोडा टिकतो इतकंच. भावानं दोनदा प्रयोग केला, बर्फात ठेवून नेला, उपयोग झाला नाही. शेवटी आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “अरे, काकवी घ्या की.” काकवी म्हणजे गुळाच्या आधीचाच उसाचा रस, आटवून दाट केलेला. ती महिनोन्‌महिने राहते. आणि रमसुद्धा उसाच्या मळीतून निघते. एकाच पेल्यात ऊस दोन वाटांनी येऊन भेटतो. भावाचं माप असं: १५ मिली रम, एक चहाचा चमचा लिंबाचा रस, एक चमचा काकवी, आल्याच्या रसाचे चार थेंब, आणि बर्फात चांगलं हलवायचं म्हणजे पाणी आपोआप मिळतं.

दुसरी आमसुलाची. रातांबे घाटाखाली, कोकणात, आणि ते उन्हाळ्यात. फेब्रुवारीत आपल्याकडं वाळलेली आमसुलंच. कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, कुस्करायची, गाळायची, मग गूळ, सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड. हा थांबा एका वाड्यात ठरला. तिथल्या काकू मला लहानपणापासून ओळखतात. वाडा दोन चौकी, मागचा चौक पडून गेलेला, पुढच्यात तुळशीवृंदावन. काकूंनी चौक द्यायचं कबूल केलं, वर थालीपीठही करते म्हणाल्या. पैसे घ्यायला तयार नव्हत्या. मी हट्टानं ठरवून घेतले.

गटाची इच्छा होती की पेले पितळी असावेत, फोटोत छान दिसतात. मी माळ्यावरून आजेसासूबाईंचे सहा पेले काढून घासूनही ठेवले. काकूंनी ते पाहिले आणि हसल्या. “अगं, आमसूल पितळेत घालशील? कळकेल सगळं. कल्हई कुठाय याला?” आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात ठेवला की धातू उतरतो, पदार्थ कळकतो, पोटाला त्रास होतो. आमच्या आधीच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं. काकूंनी फडताळातून स्टीलची चौदा फुलपात्रं काढून दिली, त्यांच्या लग्नात आलेली, प्रत्येकावर नाव घातलेलं. फुलपात्राचं मापही आमच्या कामाला बरोबर बसलं.

तिसरी चव मोती चौकातली आणि तिनं आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. कंदी पेढ्याशिवाय साताऱ्याची चव सांगता येत नाही. खवा खरपूस होईपर्यंत परतलेला असतो, त्या खमंगपणाचीच ती चव. भावाला वाटलं, पेढा विरघळवून पाक करावा आणि व्हिस्कीबरोबर द्यावा. पेढा गरम पाण्यात विरघळतो खरा, पण तूप वर तरंगतं आणि खव्याचे कण खाली बसतात. गाळलं तर चव जाते, न गाळलं तर पेला तेलकट दिसतो. त्यात लिंबाचा थेंब पडला की फाटतं. चार दिवस आणि अर्धा किलो पेढे गेल्यावर त्यानं ते सोडून दिलं. पेढा पेल्यात घालायचाच कशाला? तो हातात द्यावा आणि पेल्यात त्याच्या उलट चव असावी. मग थंड केलेला कोरा चहा, संत्र्याच्या सालीचा तुकडा आणि काडेचिराइताच्या अर्काचे तीन थेंब. लहानपणी तापात काडेचिराईत प्यायलेल्यांना तो कडवटपणा वेगळा सांगावा लागत नाही. एक घास पेढा, एक घोट चहा. गोड घास तोंडात असताना कडू घोट आला की पेढ्याचा भाजका वास एकदम वर येतो. १८०६ च्या व्याख्येत कडू अर्क का आहे ते मला त्या घोटाला कळलं. पेढ्याच्या हट्टातून एक गोष्ट मात्र टिकली: भावानं व्हिस्कीत कोमट तूप मिसळून ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी गोठलेलं तूप वरून काढून टाकलं. तूप गेलं, वास राहिला. हा प्रयोग त्यानं बारच्या स्वयंपाकघरात केला, मालकाच्या परवानगीनं.

चौथी चव पाण्याची. यावर भाऊ आणि मी भांडलो. त्याला कमानी हौदाजवळ स्ट्रॉबेरीचं सरबत हवं होतं, लोकांना आवडेल म्हणून. स्ट्रॉबेरी जिल्ह्याचीच, पण ती महाबळेश्वर-पाचगणीची खूण. जुन्या साताऱ्याची खूण पाणी आहे. यवतेश्वर आणि महादऱ्याच्या डोंगराकडून खापरी नळांनी पाणी पेठांतल्या हौदांत यायचं, उताराच्या जोरावर. पुढं ब्रिटिश काळात कासचा तलाव झाला आणि तेही पाणी उतारानंच गावात आलं. कमानी हौद, पंचपाळी हौद ही चौकांची नावंच झाली आहेत. तिथं उभं राहून लोकांनी माठातलं साधं पाणी प्यावं, असा माझा आग्रह. कॉकटेलमधला जवळजवळ चौथा हिस्सा वितळलेल्या बर्फाचा असतो, हे त्यानंच मला शिकवलं होतं, त्यामुळं त्याला फार बोलता आलं नाही. पाणी ठरलं.

पहिली फेरी

साडेपाचला गोल बागेपाशी जमलो. चौदांपैकी तेरा जण पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, आणि एकीची मुलगी, तेवीस वर्षांची. तिचं वय मला आदल्या दिवशी कळलं. शेवटच्या टप्प्यात तिला कॉकटेल मिळणार नव्हतं, हे तिला मी आधीच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “चालेल ना, मला बाकीचं सगळं प्यायचंय.”

रस चांगला झाला. प्रतापसिंह हायस्कूलसमोर मी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलले आणि ते ऐकत राहिले. राजवाड्यापाशी आलो तेव्हा एकानं विचारलं, इथली गादी कशी गेली? १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले आणि वर्षानुवर्षं तिथं झगडत राहिले, १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. हे सांगताना माझा आवाज नेहमी थोडा बदलतो. त्या दिवशीही बदलला. आम्हाला उशीर झाला, आणि तो उशीर पुढं भोवला.

वाड्यात पोचायचं होतं सव्वासहाला. पोचलो पावणेसातला. दिवेलागण झाली होती. काकू तुळशीपाशी निरांजन लावत होत्या. त्यांनी हातानंच बसा अशी खूण केली. चौदा जण चौकाच्या कडेनं जोत्यावर बसले. मी आणि भावानं फुलपात्रं भरून दिली. थालीपिठाचा वास येत होता. मला वाटलं, ही संध्याकाळ जमली.

गटातल्या एकानं खिशातून चपटी बाटली काढली आणि शेजारच्याच्या आणि आपल्या फुलपात्रात थोडी रम ओतली. माणूस वाईट नव्हता. रस्ताभर सगळ्यात चांगले प्रश्न त्यानंच विचारले होते. त्याला ती गंमत वाटली, मित्रांमध्ये असतेच तशी. वास चौकात पसरायला वेळ लागत नाही.

काकू वळल्या. काही बोलल्या नाहीत. निरांजनाचं तबक उचललं, आत गेल्या आणि आतल्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला. थालीपीठ बाहेर आलं नाही.

मी फेरी तिथंच थांबवली. सगळ्यांना उठवलं, फुलपात्रं गोळा केली, मोरीत विसळून पायरीवर पालथी घातली. बंद दारापाशी जाऊन “काकू, चूक माझी आहे, उद्या येते” म्हटलं. आतून उत्तर नाही. बाहेर बोळात त्या गृहस्थांना मी बाटली माझ्याकडं द्यायला सांगितली. त्यांनी दिली, चेहरा पडला होता. बाकीच्यांनी विचारलं, फेरी संपली का? मी म्हटलं, नाही, मोती चौकापर्यंत बोलू नका, मला जरा चालू द्या.

चूक माझीच का म्हणते ते सांगते. नियम मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवले होते, सतरा ओळींचा मेसेज, त्यातल्या अकराव्या ओळीत ‘फेरीत कुणीही स्वतःजवळ मद्य बाळगू नये’ असं होतं. तो कुणी पुरता वाचला असेल असं धरून चालणं हा माझा आळस. गोल बागेपाशी सगळ्यांच्या डोळ्यांत बघून एकदा सांगायला हवं होतं. दुसरं, दुसऱ्याच्या घरी तिन्हीसांजेला मी परक्या माणसांना घेऊन गेले. उशीर झाल्यावर मी तो थांबा गाळायला हवा होता. आणि तिसरं, काकूंना मी ‘शेवटी हॉटेलात कॉकटेल आहे’ हे सांगितलंच नव्हतं. सरबताची फेरी आहे म्हणाले होते. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तिन्ही चुकांत ही मला मोठी वाटते.

मोती चौकातला पेढा आणि चहा, कमानी हौदाचं पाणी, दोन्ही नीट झालं. हौदापाशी कुणी फार बोललं नाही. सगळ्यांनी पाणी मात्र पुन्हा मागून घेतलं.

छपराखाली

तिथून मिनीबसनं हायवेच्या बाजूच्या एका हॉटेलात. परवाने मालकानं आधीच तयार ठेवले होते, प्रत्येकाच्या नावाचा एक दिवसाचा. पहिल्यांदा जेवण, मग पेले. हा क्रम भावानं बदलू दिला नाही, पोटात अन्न असेल तर दारू रक्तात सावकाश जाते.

मापाबद्दल नेमकं लिहिते, कारण ‘थोडीच तर आहे’ हे वाक्य फार ऐकू येतं. तीन पेले, प्रत्येकात १५ मिली, म्हणजे एकूण ४५ मिली. आपल्याकडच्या रम-व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. त्या हिशेबानं साधारण १९ मिली, वजनात १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात १०० मिलीमागं ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. साठ किलोच्या बाईनं हे तीन छोटे पेले रिकाम्या पोटी भराभर घेतले तर ती ही मर्यादा सहज ओलांडते, सत्तर किलोचा पुरुष तिच्या आसपास पोचतो. म्हणून गाड्या मुक्कामाच्या ठिकाणी आणि चाव्या रिसेप्शनवर, ही अट पहिल्या दिवसापासून होती आणि तीत मी कधी सवलत दिली नाही.

पेल्यांचं म्हणाल तर रम आणि काकवी अप्रतिम जमलं. गोल बागेतला रस सगळ्यांच्या जिभेवर होता. तोच ऊस आता खोल, थोडा जळका लागत होता. तुपाच्या वासाची व्हिस्की, चहा आणि कडू अर्क यावर मतं दोन झाली. आमसुलाच्या पेल्यात भावानं जिन घातली होती आणि तिथं त्या तेवीस वर्षांच्या मुलीनं सगळ्यात नेमकी गोष्ट सांगितली. तिच्यापुढं तिन्ही पेले मद्याशिवायचे होते. आईच्या पेल्याचा नुसता वास घेऊन ती म्हणाली, “यात जिन बोलतीये, आमसूल गप्प बसलंय.” भावानं चाखून पाहिलं, मान हलवली. त्यानंतर आमसुलाचा पेला आम्ही मद्याशिवायच ठेवला, सगळ्यांसाठी. मद्याचे पेले दोनच झाले आणि कुणाची तक्रार आली नाही.

त्या गृहस्थांनी त्या रात्री एकही पेला घेतला नाही. आपणहून.

दुसरा दिवस आणि पुढं

रविवारी सकाळी मी काकूंकडं गेले. ते गृहस्थही येतो म्हणाले. मी त्यांना बोळाच्या तोंडाशी थांबवलं, काकू हो म्हणाल्या तरच बोलावते म्हटलं. काकूंनी मला बसवलं, चहा दिला. रागावल्या नाहीत, त्यापेक्षा जड असं काहीतरी होतं.

“माझं माहेर जावळीतलं,” त्या म्हणाल्या. “तिथं बायकांनी रांगा लावून बाटली आडवी केलीये. माझी वहिनी ताप असताना मतदानाला गेली होती. आणि माझ्या चौकात, तुळशीसमोर.” पुढचं बोलल्या नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दारूचं दुकान बंद करायचं की ठेवायचं यासाठी आपल्याकडं बायकांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. नुसतं झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही, नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला गेल्यासारखंच होतं. म्हणून वहिनी तापात गेली. सातारा जिल्ह्यात ही लढाई घराघरांत लढली गेली आहे, आणि मी या जिल्ह्यात जन्मून चवींचा एवढा अभ्यास करताना ही गोष्ट बाजूला ठेवली होती.

मी त्यांना सगळं सांगितलं, हॉटेलचं, परवान्यांचं, तीन पेल्यांचं. त्यांनी ऐकून घेतलं. “बाहेर कोण काय पितं ते मी कशाला विचारू? पण मला आधी सांगायचंस.” ते गृहस्थ आत आले, वाकून नमस्कार केला. काकूंनी आशीर्वाद दिला, पण चौक आता द्यायचा नाही हेही सांगितलं. त्या दोन फुलपात्रांपैकी एक त्यांनी वेगळं काढून ठेवलेलं मला दिसलं. दुसरं कोणतं ते ओळखू आलं नसावं.

मार्चमधली दुसरी फेरी वाड्याशिवाय झाली. आमसुलाचं सरबत मी माझ्याच घरच्या ओट्यावर दिलं. क्रम बदलला: सुरुवात पाचला, घरातला थांबा पहिला, रस आणि राजवाडा नंतर. दिवेलागणीला गट मोती चौकात, उघड्या बाजारात असेल असं बसवलं. नियम लिहून पाठवणं बंद केलं. निघण्याआधी मी तीनच गोष्टी तोंडी सांगते: कुणाजवळ बाटली नको, शाळेसमोर आणि देवळासमोर पेला हातात नको, ज्याच्या दारात उभे आहोत त्याला आधी नमस्कार. फेरी ज्या गल्ल्यांतून जाते तिथल्या घरांत मी आदल्या दिवशी जाऊन सांगून येते, शेवटी कुठं जाणार तेही. दोन घरांनी आमच्या दारासमोर थांबू नका असं सांगितलं. तिथं आम्ही थांबत नाही. पैशांतला काही भाग हौदाजवळच्या माठाच्या खर्चाला जातो. ते सुचवलं तिथल्याच एका दुकानदारानं.

‘कॉकटेल फेरी’ हे नाव मात्र मी काढून टाकलं. भावाला ते आवडत होतं. आता आम्ही चवफेरी म्हणतो. फोनवर विचारणाऱ्याला शेवटचा भाग काय आहे ते स्पष्ट सांगते आणि तो ज्याला नको त्याच्यासाठी फेरी कमानी हौदाशी पूर्ण होते. मार्चच्या गटातल्या अकरा जणांपैकी चौघं तिथूनच घरी गेले. त्यांना काही चुकलं असं वाटलं नाही, आणि मलाही नाही.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, काकूंचा फोन आला. त्यांच्या नातीच्या मैत्रिणी पुण्याहून येणार होत्या, त्यांना ती फेरी दाखव म्हणाल्या. “आणि आमसूल माझ्याकडंच दे. पाचला या, दिवे लागायच्या आत उठा.”

आम्ही पाचला पाच कमी असताना पोचलो. थालीपीठ तव्यावर होतं. काकूंनी फडताळ उघडलं आणि फुलपात्रं एकेक करून माझ्या हातात दिली. मी मोजली. चौदा होती.